शाळेत कुणाचं चालतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जात, पैसा, भाषा, बाई-पुरुष भेद आणि गावातली सत्ता शाळेच्या आत कशी शिरते, यावर खान्देशातल्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. नावं आणि गावं दिलेली नाहीत, फक्त जिल्हा दिला आहे. गाव लहान असलं की तालुका सांगितला तरी माणूस ओळखू येतो.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. महिन्याला एखादं पोरगं रजिस्टर घरी घेऊन येतं, मी सही करते. सभेत काय ठरलं ते कळत नाही. अध्यक्ष सरपंचांच्या भाऊबंदांतले आहेत. मी चौथी शिकलेली. मला काही करता येईल का? (एक आई, जळगाव जिल्हा)

ताई, समितीचं सदस्य व्हायला शिक्षणाची अट नाही. पोर त्या शाळेत शिकत असलं की पालक म्हणून तुमचा हक्क पुरा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या राज्यात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते, अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. समितीची सभा महिन्यातून एकदा व्हावी आणि तिचं इतिवृत्त कुणालाही पाहता यावं, हेही नियमांत आहे.

कागदावर हे सगळं बायकांच्या बाजूचं आहे. मग सही घरपोच का होते? एक कारण सभेच्या वेळेत आहे. सकाळी अकराला सभा ठेवली की निंदणीला किंवा कापूस वेचणीला गेलेली बाई येऊच शकत नाही. तिची मजुरी पडते. ओट्यावर बसणारी माणसं मात्र अकराला मोकळी असतात. त्यामुळे पहिली मागणी पैशांच्या हिशोबाची करू नका, वेळेची करा. सभा संध्याकाळी सातनंतर किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी घ्यावी, असा दोन ओळींचा अर्ज मुख्याध्यापकांना द्या. एकटीने देऊ नका, तीन-चार सदस्य बायकांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

यानंतर रजिस्टर घरी आलं, तर कोऱ्या पानावर किंवा न वाचलेल्या पानावर सही करू नका. नकार देणं जड जात असेल तर सहीच्या खाली ‘सभेस हजर नव्हते’ एवढे शब्द आणि तारीख लिहा. भांडण होत नाही, पण ती सही पुढे कुणाच्या फार कामाची राहत नाही.

वेळ ठरली की पैशांकडे वळा. शाळेचं खातं मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या संयुक्त सहीचं असतं. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान मिळतं: पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत, १०१ ते २५० असेल तर ५०,००० पर्यंत. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. सभेत तीनच गोष्टी विचारा: या वर्षी किती आले, कशावर गेले, मुलींच्या मुतारीला पाणी आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर पासबुकात शोधावं लागत नाही, मुतारीचं दार उघडलं की दिसतं.

हिशोब दाखवलाच नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही माफ, आणि उत्तर ३० दिवसांत. मात्र हा मार्ग शेवटी ठेवा. लहान गावात अर्जाआधी अर्जदाराचं नाव फिरतं, आणि ज्याच्या शेतात मजुरीला जायचं त्याचाच भाऊ अध्यक्ष असेल तर त्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत एकटीने मोजू नका.

माझ्या वर्गातली पोरं अहिराणी बोलतात. श्रुतलेखनात वीसपैकी दहा शब्द चुकतात. वरिष्ठ म्हणतात, वर्गात बोली बंद करा. बंद करावी का? (प्राथमिक शिक्षिका, धुळे जिल्हा)

बंद करू नका. आधी त्या दहा चुका नीट पाहा.

श्रुतलेखनाची वही घेऊन चुकांच्या दोन याद्या करा. एकीत खरोखर न आलेल्या गोष्टी: सुटलेली काना-मात्रा, फसलेलं जोडाक्षर, अर्धवट शब्द. दुसरीत बोलीच्या नियमाने आलेल्या ‘चुका’. अहिराणीत प्रमाण मराठीच्या ‘ळ’ला ‘य’ येतो: शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. ‘मला, तुला’ ऐवजी ‘माले, तुले’. ‘घरात’ ऐवजी ‘घरमा’. ‘रामचा बैल’ ऐवजी ‘रामना बैल’. गावागणिक थोडा फरक पडतो आणि जळगावच्या पूर्वेला लेवा बोलीची वळणं वेगळी आहेत, पण प्रत्येक ठिकाणी नियम असतो. जे मूल दर वेळी ‘ळ’च्या जागी ‘य’ लिहितं, त्याच्या कानाने नियम अचूक पकडला आहे. फक्त तो नियम तपासणाऱ्याच्या घरचा नाही.

दहापैकी सहा-सात चुका दुसऱ्या यादीत गेल्या, तर तो मुलगा ‘कच्चा’ नाही. पण लाल शाईला हा फरक कळत नाही, आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं. चुका जास्त म्हणून तो मागच्या रांगेत जातो. मागे बसला की प्रश्न कमी येतात. प्रश्न आला तरी तोंड उघडताच वर्ग हसेल या भीतीने तो गप्प राहतो, आणि गप्प राहिला की शेऱ्यात ‘प्रतिसाद देत नाही’ असं लागतं. तिसरीपर्यंत त्याला स्वतःलाही ते पटलेलं असतं. इंग्लंडमधले शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांनी हेच कामगारांच्या मुलांबद्दल मांडलं. शाळा एका विशिष्ट वर्गाच्या बोलण्याची पद्धत गृहीत धरते, ती ज्यांच्या घरी नाही त्यांना ती नीट शिकवत नाही, आणि परीक्षा मात्र तिचीच घेते.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. खान्देशच्या बोलीतल्या त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांत आल्या, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. पाठ्यपुस्तकात ज्या वळणांचं आपण रसग्रहण करतो, तीच पोराच्या वहीत खोडतो. यावर शिक्षकांच्या बैठकीत एकदा मोकळेपणाने बोलणं व्हायला हवं.

आता वर्गात काय करायचं ते. फळ्याचे दोन भाग करा: ‘घरनी बोली’ आणि ‘पुस्तकाची भाषा’. रोज पाच जोड्या, त्या मुलांनीच सांगायच्या. आठवड्याला एकच नियम घ्या. पहिल्या आठवड्यात ‘ळ-य’, दुसऱ्यात ‘ले-ला’, तिसऱ्यात ‘मा-त’. तपासताना बोलीच्या शब्दाखाली निळी रेघ मारा, खऱ्या चुकीला लाल. गुण सध्या फक्त लाल रेघांचेच कापा. सहा आठवड्यांनी तेच वीस शब्द पुन्हा घ्या.

यात दोन ठिकाणी फसायला होतं. ‘ळ’ शिकवल्यावर मुलं तो नको तिथेही लावतात, ‘गाय’चं ‘गाळ’ होतं. घाबरू नका, नियम डोक्यात रुजतो आहे एवढंच त्यातून दिसतं, आणि गाय-गाळ, पाय-पाळ अशा जोड्या म्हणून घेतल्या की ते निघून जातं. दुसरी गफलत मोठी आहे. बोलीच्या प्रेमापोटी काही जण प्रमाण मराठी ढिलाईने शिकवतात. ते करू नका. दहावीचा पेपर, तलाठ्याची परीक्षा, कोर्टाची नोटीस, सगळं प्रमाण भाषेत येतं. ज्याच्या घरी ती नाही, त्याला ती शाळेतच मिळायला हवी, आणि मिळताना आईची भाषा हलकी ठरायला नको.

वरिष्ठांना सांगायला कायदाही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण म्हटलं आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. सातपुड्यात पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या मुलांसाठी मात्र निळी रेघ पुरत नाही. तिथे अंतर फार मोठं आहे. पहिलीच्या वर्गात निदान पहिले चार महिने ती भाषा बोलणारं मोठं माणूस रोज तासभर हवं, मग ती समितीतली आई असो की गावातली बारावी झालेली मुलगी. पाचवीतल्या पोराला दुभाषा करू नका, त्याचा अभ्यास बुडतो.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो. होळीला परत येतो तर पोराचं नाव कमी केलेलं असतं. (एक वडील, नंदुरबार जिल्हा)

भाऊ, नाव कमी करून मुलाला प्रवेश नाकारणं कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावंच लागतं. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला अडवता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही, ते कलम १४.

पण तुमचं काम जाण्याआधीच सुरू व्हायला हवं. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) पावसाळ्यातच घेतली जाते, म्हणजे कोण जाणार हे गावाला दसऱ्याआधी ठाऊक असतं. दसऱ्याच्या सुमारास मुख्याध्यापकांना भेटा आणि दोन गोष्टी मागा. पहिली, शिक्षण हमी पत्रक. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी राज्यात हे पत्रक देतात, त्यावर मूल कोणत्या वर्गात आणि किती शिकलं याची नोंद असते. ते दाखवून जाल तिथल्या शाळेत बसवता येतं. दुसरी, हंगामी वसतिगृह. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांची जेवणाची आणि अभ्यासाची सोय त्यातून होते. त्यासाठी मुलांची यादी वेळेत वर जावी लागते. दिवाळीनंतर मागितलं तर ते मिळेपर्यंत हंगाम अर्धा सरतो.

पत्रक गुजरातमध्ये अडतं ते भाषेवर, तिथली शाळा गुजराती माध्यमाची असते. म्हणून आठ वर्षांवरच्या मुलाला शक्यतो मागे ठेवा. बरोबर न्यायचंच झालं तर मराठी आणि गणिताची पुस्तकं सोबत द्या, आणि परत आल्यावर शिक्षकांकडून वाचन व बेरीज-वजाबाकीची तोंडी चाचणी करून घ्या.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. ऊसतोडीचा हिशोब कोयत्यावर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल फिटली नाही की बारा-तेरा वर्षांचं पोर मोळ्या वाहायला उभं राहतं. त्याच्या गैरहजेरीमागे त्या कर्जाचं ओझं आहे. ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ असा शेरा लिहिण्याआधी उचल किती आणि कुणाकडून, एवढं विचारा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्याची ८२. हा फरक आई-बापांच्या आवडीनिवडीतून पडलेला नाही.

गावातली पैसेवाली पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीने तालुक्याला जातात. आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट घसरतोय. त्याचा बाकीच्या मुलांवर नेमका काय परिणाम होतो? (शेतकरी, जळगाव जिल्हा)

परिणाम मोजता येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं धरलं आहे. म्हणजे ६१ चा पट ६० झाला की तिथे तिसऱ्या शिक्षकाचा आधार जातो आणि दोन जण पाच वर्ग सांभाळतात. त्यांतला एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्याकडे पाचही वर्ग. मग आणखी दोन घरं पोरं काढतात. राज्याचे संचमान्यतेचे (पटानुसार शिक्षकांची पदं ठरवण्याचे) निकष मधूनमधून बदलतात, म्हणून चालू वर्षाचं संचमान्यता पत्रक मुख्याध्यापकांकडून पाहून घ्या. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळत नसेल तर वर्गात बसलेलं मूल मोजणीतून सुटू शकतं. त्या दुरुस्त्या जून-जुलैत करून घ्या.

शिक्षक जाण्याइतकंच दुसरंही नुकसान होतं. ज्यांचं पंचायत समितीत ऐकलं जातं, त्यांचीच पोरं आधी जातात. मग छप्पर गळतंय हे सांगायला उरतो तो मजूर, आणि त्याचा फोन कुणी उचलत नाही.

याच कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांचाही इथे विचार करा. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. जागा पुन्हा आहेत. दुर्बल घटकासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांना उत्पन्नाची अट नाही. मात्र गाडीचं भाडं, सहल आणि स्नेहसंमेलनाचा पोशाख यांचा खर्च आधी विचारून घ्या. पोरं बहुधा त्याच कारणाने दोन-तीन वर्षांत परत येतात.

बी.एड.ला ‘सांस्कृतिक भांडवल’ शिकवतात. पुस्तकातलं समजतं, पण इथल्या शाळेत ते कसं पाहायचं? (विद्यार्थी, जळगाव)

सांस्कृतिक भांडवल म्हणजे घरातून वारशाने मिळणारी आणि शाळेत उपयोगी पडणारी ठेव. ही कल्पना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू (१९३०–२००२) यांची. त्यांनी तिची तीन रूपं सांगितली. अंगात मुरलेलं: बोलण्याची ढब, साहेबासमोर उभं राहण्याचा धीर. वस्तूंतलं: घरातली पुस्तकं, अभ्यासाचं टेबल. आणि संस्थेचा शिक्का असलेलं: पदवी, प्रमाणपत्र. शाळा या ठेवीला ‘हुशारी’ म्हणते, आणि वारशाने आलेलं मूल स्वकष्टाचं ठरतं.

आपल्याकडे याचा पाया त्याआधीच घातला गेला होता. महात्मा फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, असं त्यांनी त्यात मांडलं. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा आणि शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, असं सुचवलं. शिक्षक कोणत्या घरातून येतो यावर वर्गात काय चालतं ते ठरतं, ही त्यांची नजर आजही उपयोगी आहे.

आता पाहण्याचं काम. सराव पाठाच्या काळात एका वर्गाचे पाच तास निवडा, रोज ३० मिनिटं पुरेत. आधी बाकांचा नकाशा काढा, प्रत्येक मुलाला आकडा द्या, नाव लिहू नका. चार खुणा ठेवा: प्रश्न विचारला, शाबासकी दिली, रागावलं, काम सांगितलं. प्रश्नानंतर शिक्षक किती सेकंद थांबले तेही टिपा. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात दिसलं होतं की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब व चांगली येतात. पहिल्या सेकंदात हात वर करणारा बहुधा घरी पुस्तक असलेला असतो.

मोजणी झाल्यावरच कोणतं मूल कोणत्या वस्तीतलं ते जोडा. आधी कळलं की डोळा तेच शोधतो. समजा वर्ग ४० चा, त्यात टेकडीवरच्या वस्तीची दहा मुलं, म्हणजे २५ टक्के. एकूण ६० प्रश्नांत त्यांना १५ च्या आसपास यायला हवेत. सहाच आले आणि ‘पाणी भर, डस्टर आण’ ही कामं निम्म्याहून जास्त आली, तर सांस्कृतिक भांडवल तुमच्या कागदावर उतरलं. एका तासाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका. शिक्षकांना निकाल दाखवताना ‘तुम्ही भेद करता’ म्हणू नका, नकाशा पुढे ठेवा. बहुतेक शिक्षकांना तो पाहून धक्का बसतो, कारण त्यांनी ठरवून काही केलेलं नसतं.

वर्ग झाडायला आणि मुतारी धुवायला ठरावीक मुलांनाच लावतात. माझी मुलगी त्यांत असते. (एक आई, धुळे जिल्हा)

हे चालवून घेऊ नका. कामाचा तक्ता हजेरी क्रमांकाने लावायला सांगा, मुलगे-मुली दोघंही, आणि तो भिंतीवर चिकटलेला असावा. मुतारी मुलांकडून धुवून घेऊच नये, संयुक्त अनुदानातला स्वच्छतेचा भाग त्यासाठीच आहे. पोषण आहाराच्या पंगतीतही कोण कुठे बसतं आणि कोण वाढतं ते एक दिवस जाऊन पाहा.

तक्ता लावला नाही, तर तारीख, काम आणि कोणत्या मुलांना लावलं याची आठवडाभर नोंद ठेवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. मुलाला मानसिक त्रास देण्याला कलम १७ ने बंदी आहे. जात काढून बोललं असेल तर ते शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी, ऐकणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा. महिन्यानंतर आठवून लिहिलेलं पोलीस ठाण्यात टिकत नाही.